पाणी कुठवर आले आहे?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर एकच प्रश्न असतो : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला की छातीला? पूर आलाच नाही, असे कोणी म्हणत नाही. घरातल्या माणसाच्या मनाला पूर येतो तेव्हा मात्र आपण बजावतो, ‘असले विचार मनात आणूच नकोस.’

बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या नातवाला वा लेकीला हे वाक्य फार जड जाते. या विकारात भावना चटकन उसळतात आणि ओसरायला वेळ घेतात. कोणी फोन उचलला नाही, एवढ्यावरून ‘मी सर्वांना नकोशी झाले आहे’ असा निष्कर्ष निघतो. काल देवासमान वाटलेले माणूस आज वैरी भासते. वेदना असह्य होते म्हणून विचार दाबला जातो, आणि दाबलेला विचार अधिक जोराने परततो.

औषध घेताना माकड आठवू नका, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडाऐवजी पांढरे अस्वल होते. ज्यांना पाच मिनिटे ते आठवण्याची मनाई होती, त्यांना पुढे मुभा मिळताच ते इतरांहून अधिक आठवू लागले.

या विकारावर डीबीटी ही उपचारपद्धती घडविणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी तरुणपणी स्वतः मानसिक रुग्णालयात दिवस काढले होते; २०११ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. त्यांच्या पद्धतीत विचार हाकलण्याऐवजी त्याच्याकडे ‘हा एक विचार आहे’ असे पाहायला शिकवितात.

तेव्हा उपदेशाऐवजी विचारून पाहा, ‘आज पाणी कुठवर आले आहे?’ उत्तर ‘छातीशी’ असे आले, तर शेजारी बसा. ‘तुला फार लागले असणार’ एवढे म्हणणे पुरेसे असते. फोन का उचलला गेला नाही, याची शहानिशा पाणी ओसरल्यावर. आपल्या पिढीला हे लाड वाटतात. मलाही पूर्वी वाटत. पण दुःख मान्य करणे म्हणजे निष्कर्ष मान्य करणे नव्हे.

उत्तर ‘डोक्यावरून’ असे आले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आहे का, हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. होकार आला तर माणसाला एकटे सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी गाठा. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते, आणि काळजी वाहून थकलेल्या आजी-आजोबांनाही.