उन्हातला चेहरा

दिवाळीत घरची माणसे जमली, की फराळ आटोपताच कुणीतरी म्हणतोच, "चला, फोटो काढू!" आणि भर बाराला सारे कुटुंब गच्चीवर ओळीने उभे राहते. ऊन नेमके डोक्यावर. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावलीच्या मिशा. मग बोल लावायचा तो कॅमेऱ्याला!

१८३९ साली फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने उघड्यावर स्वतःचे छायाचित्र घेतले. त्या काळच्या पत्र्याला उजेड फार लागे. कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. आज खिशातल्या मोबाइलला क्षण पुरतो. मग रखरखीत उन्हाचा हट्ट कशाला?

सकाळचे कोवळे ऊन किंवा दिवस कलल्यावरची वेळ धरावी. दुपारच असेल तर आजीला गॅलरीच्या सावलीत, पण तोंड मोकळ्या आकाशाकडे करून बसवावे. तो पसरट उजेड सुरकुत्यांवर मऊ उतरतो. एक गाल काळवंडलेला दिसला, तर त्या बाजूला धुवट पांढरी चादर धरावी. ती उजेड परतवते.

एवढा खटाटोप कशासाठी, म्हणाल? पुष्कळ घरांत भिंतीवरची हार घातलेली तसबीर कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून कापून मोठी केलेली असते. नाकडोळे पुसट, नातवंडांना ओळख पटवून द्यावी लागते. म्हातारी माणसे "माझा कशाला फोटो?" म्हणणारच. तेवढे मात्र त्यांचे ऐकू नये. यंदाच्या पाडव्याला आधी त्यांना गॅलरीत बसवा. चकल्या कुठे पळून जात नाहीत!