पानिपतात जेवायचे कोठे?

पानिपतचे नाव निघाले की इतिहासाचा विद्यार्थी 1526, 1556 आणि 1761 ही तीन साले सांगून मोकळा होतो. मीही तसाच विद्यार्थी होतो. पुढे प्रशासनात आलो, पुरवठा आणि शिधावाटपाच्या फायली हाताळू लागलो, तेव्हा तिसरी लढाई मला निराळी दिसू लागली. नोव्हेंबर 1760 पासून सुमारे अडीच महिने सदाशिवरावभाऊंची छावणी येथे अडकून पडली होती. लढणाऱ्यांच्या जोडीला बाजारबुणगे, यात्रेकरू, बायकामुले होती. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची एक मोठी आशा संपली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने लिहून ठेवले आहे की, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, अशी विनवणी उपाशी सरदार-शिपायांनी अखेरीस भाऊंकडे केली. 14 जानेवारीचा निर्णय असा पोटाने घेतला होता.

आजचे पानिपत उपाशी नाही. चादरी, गालिचे आणि देशोदेशींचे टाकलेले लोकरी कपडे पिंजून काढलेल्या धाग्याची ब्लँकेटे, यांवर हे शहर चालते. बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालमधून येणारा कामगार येथे एका खोलीत चौघा-पाचांनी राहतो. रेशनकार्डाची सुविधा आता देशभर चालते हे खरे. पण गहू हातात पडला म्हणजे भाकरी ताटात पडली असे होत नाही. त्याला चूल लागते, जळण लागते आणि बारा तासांच्या पाळीनंतर उरलेला जीव लागतो. म्हणून तो बाहेर जेवतो.

बाहेर म्हणजे कोठे? दिल्लीकरांना या रस्त्यावरचा ढाबा म्हणजे मुरथल वाटते. पांढऱ्या लोण्याचा गोळा ठेवलेले पराठे, समोर गाड्यांची रांग. (ते पराठे मलाही आवडतात, पण ते पगारदारांचे जेवण आहे.) एकेकाळी या मार्गावर रोटीचे पैसे घेत आणि डाळ हवी तेवढी वाढत. 2008 मध्ये शहरावरून उड्डाणमार्ग गेला आणि प्रवासी वरून निघून जाऊ लागला. खाली उरली ती कामगाराची आणि विद्यार्थ्यांची खानावळ. गिरणीच्या फाटकाबाहेरची रेहडी, म्हणजे आपली हातगाडी: सकाळी आलूपराठा, दुपारी कढी-चावल, राजमा-चावल, छोले-कुलचे. गल्लीतले एखादे ‘भोजनालय’, जेथे पूर्वेकडचा कोणी भात, डाळ आणि भुजिया वाढतो. जी. टी. रोडवरच्या आर्य कॉलेजची खेड्यांतून बसने येणारी मुले याच गाड्यांपुढे उभी असतात.

या खानावळींची खरी मालमत्ता कढईत नसते, ती गल्ल्याजवळच्या वहीत असते. महिन्याच्या वीस तारखेनंतर निम्मे गिऱ्हाईक उधारीवर जेवते आणि पगार झाला की चुकते करते. ही सोय कोणत्याही सरकारी योजनेत मी अजून पाहिलेली नाही.

योजना कमी नाहीत. प्रवाशाच्या पोटाची काळजी राज्याने घ्यावी ही कल्पना या रस्त्याइतकीच जुनी आहे. शेरशहाच्या सरायांत हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी अन्नपाण्याची वेगवेगळी व्यवस्था असे, असे अब्बास खान सरवानी सांगतो. आपल्या काळात महाराष्ट्रात 1995 मध्ये झुणका-भाकर केंद्रे आली. 2013 मध्ये चेन्नईत एक रुपयाची इडली देणारी अम्मा उणवगम, 2017 मध्ये बंगळुरूत इंदिरा कँटीन, 26 जानेवारी 2020 पासून महाराष्ट्रात दहा रुपयांची शिवभोजन थाळी. हरियाणानेही कामगारांसाठी आणि बाजार समित्यांत दहा रुपयांच्या जेवणाची कँटीन उघडली, त्यांतील बरीच महिला बचतगटांकडे दिली. यातल्या कोणत्याही ताटाला नावे ठेवणे मला जमणार नाही.

परंतु या ताटांवर नेत्यांची नावे असतात आणि सत्ता पालटली की ती उचलली जातात. आंध्र प्रदेशातील अण्णा कँटीन 2019 मध्ये बंद पडली आणि 2024 मध्ये पुन्हा उघडली. मधल्या पाच वर्षांत भूक मात्र सुट्टीवर गेली नव्हती. शिवभोजनाची रचना मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते, कारण तेथे चालू खानावळींना आणि बचतगटांनाच केंद्र चालवू दिले. शहरात थाळीची किंमत पन्नास रुपये धरून दहा ग्राहकाने आणि चाळीस शासनाने द्यायचे. दुर्दैवाने शासनाचे चाळीस वेळेवर येत नाहीत, अशी केंद्रचालकांची तक्रार आहे. शिवाय थाळी दुपारी मिळते आणि रात्रपाळी रात्री असते.

मालकाचे काय? 1948 च्या कारखाने कायद्यात 250 हून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद होती. नव्या संहितेने ही मर्यादा कंत्राटी कामगार धरून शंभरावर आणली. स्वागतार्ह बदल आहे. पण पानिपतातला मोठा धंदा छोट्या छोट्या शेडमध्ये चालतो. तीस-चाळीस मजुरांच्या अशा शेडचे उपाहारगृह फाटकाबाहेरची रेहडी हेच असते. आणि महानगरपालिकेच्या दप्तरी ती अतिक्रमण असते.

हे मी दुसऱ्यावर ढकलत नाही. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, कोठे ते सांगत नाही, औद्योगिक वसाहतीतल्या गाड्या हटवण्याच्या आदेशावर माझी सही आहे. रस्ता मोकळा झाला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. आठवड्याने मी तेथून गेलो तेव्हा दुपारच्या सुट्टीत माणसे भिंतीला टेकून चहात बिस्किटे बुडवत होती. ते गाडीवाले कोठे गेले, हे फायलीत विचारण्याची पद्धत नव्हती.

2014 चा पथविक्रेता कायदा झाला तो याच चुकांसाठी. नगर विक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आधी सर्वेक्षण व्हावे आणि तोवर कोणाला हटवू नये, असे तो सांगतो. 2020 पासून स्वनिधी योजनेत कर्जही मिळते. एक खाते कर्ज देते आणि दुसरे गाडी उचलून नेते, हा प्रकार मात्र थांबलेला नाही.

पानिपतात त्यात हिवाळ्याची भर पडते. हे शहर राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात असल्याने हवा बिघडली की टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांत खानावळींतल्या कोळसा-लाकडाच्या तंदूरवरही बंदी येते. धुराविरुद्ध माझे काही म्हणणे नाही; त्या रोटीवाल्याच्या फुप्फुसांतही तोच धूर जातो. पण बंदीचा आदेश ज्या दिवशी निघतो त्या दिवशी व्यावसायिक गॅसची जोडणी, शेगडी आणि अनामत रक्कम त्याच्या दारात पोहोचलेली नसते. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याविना मिळतो, पण दिवसाला शेकडो रोट्या भाजणाऱ्याला तो किती पुरणार?

दहा रुपयांच्या नव्या कँटीनसाठी अर्थसंकल्पात तरतूद करताना त्यातला एक भाग या बदलासाठी ठेवावा: वसाहतीच्या प्रत्येक फाटकाजवळ आखलेली जागा, पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि तंदूरऐवजी गॅसची भट्टी हप्त्याने. अनुदान द्यायचेच तर चालू गाड्यांवरच्या रात्रीच्या थाळीला द्यावे. आणि तंदूर विझवण्याचा आदेश भट्टी बसल्यानंतर काढावा. गेल्या हिवाळ्यात असा एक तंदूर थंड पडलेला पाहिला. मालक शेजारच्या बाकावर वही उघडून बसला होता. बंदी किती दिवसांची, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. वहीत मात्र अकरा जणांची महिन्याची बाकी होती.