पांढरा उंदीर आणि गल्लींतलें मांजर

ज्याचें सारें आयुष्य जालन्याच्या मोंढ्यांत गेलें, अशा गृहस्थाला "घरांत उंदीर पाळावा काय?" असें विचारलें, तर तो विचारणाराच्या डोक्याविषयींच शंका घेईल. पोतीं कुरतडणारा आणि भिंती पोखरणारा हा प्राणी हांकलण्यासाठींच तर आपण मांजराला उंबरठ्याच्या आंत येऊं देतों. राजूरच्या गणपतीपुढें त्याच्या वाहनालाही भक्तिभावानें हात जोडणारे आपले लोक घरीं परतल्यावर सापळा लावतात, आणि त्यांत त्यांना कांहींच विसंगत वाटत नाहीं. तथापि हल्लीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांत पांढरे व ठिपक्यांचे उंदीर मिळतात, मुलें ते आणण्याचा हट्ट धरतात, आणि ज्या घरांत मांजराचा वावर आहे तेथें मोठा पेंच पडतो. या बाबतींत आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. मांजर असलेल्या घरांत उंदीर सुखरूप राहूं शकतो. परंतु ज्या घरांत दाराला नीट कडी लागणारी एक स्वतंत्र खोली नाहीं, त्या घरानें तो मुळींच आणूं नये.

प्रथम पालकांच्या मनांतील भीतीचा विचार करूं, कारण ती पोकळ नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली, ती आपल्या प्रांतांतील घराघरांच्या स्मरणांत कित्येक पिढ्या राहिली. १८९८ सालीं कराचींत सिमों या फ्रेंच डॉक्टरानें प्रयोग करून दाखविलें कीं, हा रोग उंदराच्या अंगावरील पिसवेमार्फत पसरतो. ही केवळ जुनी कथा आहे असेंही कोणी समजूं नये. १९९४ सालीं आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत मामला या गांवीं गांठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले, व त्यापाठोपाठ सुरतेंत हाहाकार उडाला. परंतु दोष होता तो रानटी उंदराचा व त्याच्या पिसवांचा. दुकानांतील पाळीव उंदीर हा मूळचा त्याच तपकिरी उंदराच्या वंशांतला असला, तरी अनेक पिढ्या माणसाच्या हातीं वाढलेला आहे. इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दींत जॅक ब्लॅक नांवाचा उंदीर पकडणारा निरनिराळ्या रंगांचे उंदीर निवडून त्यांची पैदास करी. पुढें १९०१ सालीं मेरी डग्लस या बाईंच्या खटपटीनें तेथील उंदरांच्या प्रदर्शनांत या मोठ्या उंदरांनाही प्रवेश मिळाला. मुलांसाठीं गोष्टी लिहिणाऱ्या बिॲट्रिक्स पॉटर यांनीं तर आपलें एक पुस्तक आपल्या पाळीव उंदरासच अर्पण केलें आहे.

यावरून एक गोष्ट निघते, ती विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. नांगरतांना किंवा कापूस वेंचतांना शेतांत सांपडलेलीं उंदराचीं पिलें दया येऊन घरीं आणूं नयेत. आणि जें मांजर बाहेर रानटी उंदीर मारतें, तें पाळीव उंदराच्या पिंजऱ्याजवळ आलें, तर पिसवाही सोबत आणूं शकतें. म्हणजे मांजर दूर ठेवण्याचें कारण केवळ त्याचे दांत हें नव्हे.

आतां मांजराविषयीं. कित्येकांचा असा समज असतो कीं, मांजराला पोटभर दूध-भाकर घातली कीं तें शिकार करीत नाहीं. हा समज खोटा आहे. भूक आणि शिकारीची ओढ या मांजराच्या ठायीं वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जेवून तृप्त झालेलें मांजरही समोर कांहीं सुर्रकन् हाललें कीं झेंप घेतें. त्यांत त्याचें वैर नाहीं, व त्यासाठीं त्याला मारणें हा अन्याय होय. उलट बाजूस, ज्या उंदरानें जन्मांत मांजर पाहिलें नाहीं, तोही मांजराच्या नुसत्या वासानें भितो, दडून बसतो, खाणें सोडतो. प्रयोगशाळांत वाढलेल्या उंदरांवर हें पुनःपुन्हा पडताळून पाहिलेलें आहे. म्हणून पिंजरा कितीही भक्कम असो, त्याच्यावर मांजर बसून खालीं टक लावून पाहत आहे, हा प्रकार ज्यांना गमतीचा वाटतो त्यांचें मन आम्हांस कळत नाहीं. मांजर व उंदीर एकमेकांना बिलगून झोंपल्याचीं चित्रें पाहून मुलें तसा प्रयोग करूं पाहतात. त्यांतील एखादें चित्र खरेंही असेल. पण हा प्रयोग फसतो तो एकदांच, आणि त्याची किंमत मांजर देत नाहीं.

परदेशीं पुस्तकें अशा वेळीं एक सोपा उपाय सांगतात: मांजराला दुसऱ्या खोलींत ठेवा व दार लावा. आमच्याकडील अडचण येथेंच आहे. आमचें मांजर बहुधा आमचें नसतेंच. तें गल्लीचें असतें. चार घरीं दूध पितें, पांचव्या घरीं व्यातें. तें माळवदावरून येतें, पत्रा व भिंत यांच्यामधल्या फटींतून येतें, स्वयंपाकघराच्या गजांमधून येतें. तेव्हां दार लावल्यानें अर्धेंच काम होतें. त्या खोलीच्या प्रत्येक खिडकीला व झरोक्याला लोखंडी तारेची बारीक जाळी हवी. डासांची जाळी मांजर एका पंजानें फाडतें.

परंतु खोली बंद केली म्हणजे उंदीर वांचला, असेंही नाहीं. आपल्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि उंदराला तीस अंशांच्या पुढेंच त्रास होऊं लागतो. त्याला माणसासारखा घाम येत नाहीं. अंगांतील उष्णतेचा कांहीं भाग तो आपल्या शेपटीवाटें बाहेर टाकतो. पत्र्याच्या बंद खोलींत ठेवलेला उंदीर मांजरापासून वांचून उन्हानें मरेल. म्हणून खोली मांजराला बंद आणि वाऱ्याला उघडी पाहिजे. पत्र्याखालची खोली नकोच; जाड भिंतींची, माळवदाची असेल तर उत्तम. पिंजऱ्यांत फुटक्या माठाची खापरें ओलीं करून ठेवावीं, उंदीर त्यांवर आपण होऊन पसरतो. पाणी दिवसांतून दोनदां बदलावें.

पिंजरा तारेचा असावा; दोन तारांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बिलकुल उपयोगाची नाहीं, कारण तिच्यांतून मांजराचा पंजा आंत जातो, आणि बाहेर लोंबणारी शेपटी त्याला आयती सांपडते. लाकडी पेटीही नको. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढत राहतात, व तो लांकूड कुरतडून स्वतःच बाहेर पडतो. पिंजरा डळमळीत तिवईवर न ठेवतां जड मेजावर ठेवून बांधावा, म्हणजे मांजर आंत शिरलेंच तर त्याच्या धक्क्यानें तो खालीं पडून उघडणार नाहीं.

उंदीर संध्याकाळीं व रात्रीं खेळतो. मांजराच्या शिकारीची वेळही तीच. त्याला बाहेर सोडण्यापूर्वीं खोलींत खाटेखालीं, कपाटामागें पाहून घ्यावें, मग कडी लावावी, आणि उंदीर परत पिंजऱ्यांत गेल्यावांचून ती कोणासही उघडूं नये, मग बाहेर प्रत्यक्ष आजोबा कां उभे असेनात. ज्या घरांत पाळीव उंदीर आहे, तेथें विषारी गोळ्या टाकण्याचें बंद करावें. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही दगावतें, आणि निसटलेला पाळीव उंदीर तर प्रथम त्या गोळीकडेच जाईल.

एकटा उंदीर झुरतो, म्हणून दोन आणावे लागतात, व ते एकाच जातीचे, म्हणजे दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या, असावेत. ही खबरदारी न घेतल्यास सुमारें तीन आठवड्यांत आठ-दहा पिलें होतात, आणि मग मांजराला दोष देण्यांत अर्थ राहत नाहीं. त्यांचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. आठवींत आणलेला उंदीर दहावीच्या परीक्षेच्या सुमारास म्हातारा झालेला असेल. परीक्षा मार्चांत, ऊनही तेव्हांच तापूं लागतें; त्या दिवसांत खापरें कोण भिजवील, कडी कोण तपासील, याचें उत्तर उंदीर विकत घेण्यापूर्वीं घरांत मिळालें पाहिजे. "आई पाहील" हें उत्तर आम्ही उत्तर समजत नाहीं.

इतकें करूनही मांजरानें गांठलेंच, तर त्याच्या तोंडांतून उंदीर ओढूं नये. मांजरावर जाड चादर टाकावी, म्हणजे तें बहुधा पकड सोडतें. मग उंदराला मऊ फडक्यांत गुंडाळून त्याच दिवशीं जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. रक्त दिसत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. मांजराच्या दांताची जखम टांचणीच्या टोकाएवढी दिसते, परंतु त्याच्या लाळेंतील जंतु आंत खोल जातात, आणि एवढ्याशा जिवाला तेवढें पुरतें. रात्र झाली असेल तरी सकाळची वाट पाहूं नये.