‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

समजा तुम्ही लोहाऱ्याच्या शाळेत शिकता आणि गुरुजींनी तुम्हाला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपावर निबंध लिहायला सांगितला आहे. तुम्ही मोबाइलवर त्या काळचा एखादा लांबलचक मराठी अहवाल उघडता, शोधाच्या चौकटीत ‘लोहारा’ असे लिहिता आणि उत्तर येते, ‘सापडले नाही’. मग निबंधात तुम्ही लिहून टाकता की, अहवालात आमच्या गावाचा उल्लेखच नाही!

थांबा. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून सांगतो. या उत्तरावर इतक्या सहज विसंबू नका.

असे का? संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षरचिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरी तिच्यात आहे. त्यामुळे ‘लोहारा’ हा शब्द संगणकापाशी २३५४, २३७९, २३६१, २३६६, २३५२, २३६६ अशा सहा आकड्यांची साखळी म्हणून साठवला जातो. साधा शोध म्हणजे हीच साखळी मजकुरात कोठे आहे, एवढेच पाहणे.

आता ‘लोहाऱ्यात’ हा शब्द घ्या. तुम्हाआम्हाला तो त्याच गावाचा वाटतो. पण येथे ‘र’चा ‘ऱ’ झाला आणि त्याचा क्रमांक आहे २३५३! साखळी तुटली, शोध फसला. अहवालात ‘लोहाऱ्यात’, ‘लोहाऱ्याला’, ‘लोहाऱ्याहून’ असे शब्द वीस वेळा आले असले, तरी यंत्र ‘नाही’ असेच म्हणणार.

अडचणी आणखीही आहेत. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर १९९३ मध्ये उमरगा तालुक्यात होते. जिल्ह्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. २०२३ पासून ते धाराशिव झाले. शिवाय पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांना मराठी वळणे दिलेली असत. तशा फायलीत पडद्यावर ‘भूकंप’ दिसतो. आत मात्र भलतेच आकडे असतात.

कोणी म्हणेल, मोठी शोधयंत्रे आता हुशार झाली आहेत. खरे आहे, शब्दांची काही रूपे त्यांना ओळखता येतात. तरीही माझे मत असे की, साधन कितीही सुधारले तरी ते काय करते आणि काय करत नाही, हे वाचकाने जाणलेच पाहिजे. यात आम्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांचाही दोष आहे. इंग्रजीत गावाच्या नावाचे रूप सहसा बदलत नाही. त्या भाषेसाठी केलेली साधने आम्ही मराठीला जशीच्या तशी लावली. विभक्ती जाणणारी साधने आपणच करायला हवीत. उद्या तुमच्यापैकीच कोणी ती करील.

तोवर एक प्रयोग करा. आपल्या गावाचे नाव वेगवेगळ्या विभक्तींत घालून दहा वाक्ये लिहा आणि मूळ नावाने शोध घ्या. किती वाक्ये निसटली? आता नुसते ‘लोहा’ शोधून पाहा. सगळी वाक्ये सापडतील; पण मोठ्या मजकुरात असे केले, तर नांदेड जिल्ह्यातले लोहाही सोबत येईल! त्यातले आपले कोणते आणि परके कोणते, हे निवडायचे काम मात्र तुमचे. वाचन म्हणतात ते यालाच.