विंचवाचा एक पाय

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरलेल्या कुटुंबांना निराळी समजावून सांगावी लागत नाही. ज्या कोणी ती प्रथम उच्चारली त्याचे निरीक्षण मात्र अचूक होते. विंचवाची मादी अंडी घालीत नाही. ती जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि पहिली कात टाकीपर्यंत ती पिल्ले तिच्या पाठीवरच राहतात. पाठीवरच्या पिल्लांची आई कोण, हे कोणीही सांगेल. परंतु दोन दूरदूरच्या मुलखांतील विंचवांचे परस्परांशी नाते काय, हे सांगणे महाकर्मकठीण. न्यूयॉर्क येथील ‘अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ या १८६९ साली स्थापन झालेल्या संग्रहालयात डॉ. लॉरेन्झो प्रेंडिनी व त्यांचे सहकारी याच नात्यांच्या शोधात आहेत.

अडचण अशी की, चाळीस कोटींहून अधिक वर्षांत विंचवाचा बाह्य आकार फारसा बदललेला नाही. शिवाय वाळूत राहणारे विंचू एकमेकांसारखे दिसू लागतात, खडकाच्या फटीत राहणारे चपटे होतात. मग त्यांचे कूळ एक असो वा नसो. रूपावरून गोत्र ठरवू गेल्यास फसगत व्हायची! म्हणून रूपाच्या जोडीला जनुकांची साक्ष काढावी लागते.

हे काम सुरू होते रानात, आणि तेही अंधाऱ्या रात्री. अतिनील प्रकाशाचा दिवा टाकला की विंचवाचे अंग हिरवट-निळे चमकू लागते. सापडलेल्या विंचवाचा एखादा पाय काढून तो तीव्र मद्यार्कात बुडवितात व पुढे अतिशीत भांडारात ठेवितात. संग्रहालयाने २००१ साली असे भांडार उघडले. तेथे द्रवरूप नायट्रोजनच्या वाफेत उणे १५० अंश सेल्सिअसहूनही अधिक थंडीत नमुने राहतात. उरलेला देह बाटलीत जपून ठेवितात, कारण उद्या कोणी शंका घेतली तर ‘हाच तो विंचू’ म्हणून दाखविता आला पाहिजे. बाटलीत चिठ्ठी असते: स्थळ, दिनांक, कोणी पकडला. चिठ्ठी हरवली की विंचवाचे मोल संपले.

प्रयोगशाळेत त्या पायाच्या स्नायूचा कण विरघळवून डीएनए वेगळा काढतात, ठरावीक जनुकांच्या असंख्य प्रती करवितात आणि त्यांची अक्षरे इतर विंचवांच्या अक्षरांशी ताडून पाहतात. ऐकायला हे सारे अद्भुत वाटते. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ इवल्याशा नळ्यांवर क्रमांक घालण्यात आणि ते वहीतील नोंदींशी जुळविण्यात जातो. एक क्रमांक चुकला की कोकणचा विंचू आफ्रिकेच्या घराण्यात दत्तक गेलाच म्हणून समजा. ज्यांनी शाळेचे जनरल रजिस्टर सांभाळले आहे, त्यांना या मंडळींविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

पण विंचवांच्या वंशावळीने कोणाचे काय भले होणार, असा प्रश्न मनात येईल. त्याचे उत्तर कोकणात सापडते. आपल्याकडे काळ्या, थोराड इंगळीचा धाक मोठा. खरा घातक आहे तो लहानसा लाल विंचू. त्याच्या विषाने मज्जातंतू बेफाम होतात, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाच्या अंगणात कित्येक मुले दगावली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे १९८६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले. पुढे २०११ साली त्यांनी दाखवून दिले की, प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो.

प्रतिविष म्हटले की विंचू नेमका कोणता, हा प्रश्न आलाच. फॅब्रिशियसने १७९८ साली या लाल विंचवाला ‘टॅम्युलस’ हे नाव दिले. कुळाचे नाव मात्र बदलत गेले. बावस्करांच्या सुरुवातीच्या लेखांत तो ‘बुथस’ आहे, २०११ च्या लेखात ‘मेसोबुथस’; आणि वर्गीकरणकारांनी तर २००७ सालीच त्याला ‘हॉटेन्टोटा’ कुळात नेऊन बसविले होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे तीन निरनिराळे विंचू वाटले तर दोष कोणाचा? नाव बदलणे हा विद्वानांचा छंद आहे, अशी थट्टा होते. मला ती पटत नाही. कूळ बदलते ते नात्याविषयीची समजूत बदलते म्हणून, आणि ती बदल नोंदविण्याची तसदी कोणी तरी घेतलीच पाहिजे.

त्यातही गुंतागुंत आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील लाल विंचवांच्या विषाच्या घटकांत फरक आढळतो, आणि त्यांच्या जनुकांतही पुष्कळ विविधता दिसते. तेव्हा एका ठिकाणच्या विषावरून केलेले प्रतिविष दुसरीकडे तितकेच उपयोगी पडेल काय, हे गृहीत धरून चालत नाही. लाल विंचू काही महाराष्ट्रापुरता नाही. कर्नाटकात, आंध्रात, तामिळनाडूतही तो दगडाखाली बसलेला असतो. तेथील प्रत्येक नमुन्याचा एक पाय, आणि त्यासोबत स्वच्छ अक्षरात लिहिलेली गावाच्या नावाची चिठ्ठी, अभ्यासकांना हवी आहे.