मुरगळलेला घोटा आणि सोनोग्राफीचे यंत्र

परदेशांतील आपत्कालीन विभागांत घोट्याच्या दुखापतीसाठी सोनोग्राफीचा उपयोग होतो, हे वाचून आपल्या चिकित्सालयातही तसे यंत्र असावे, असे काही वैद्यबंधू बोलून दाखवतात. त्यांच्या जिज्ञासेचा आम्हांस आदर आहे. मागणीशी मात्र आम्ही सहमत नाही.

यंत्राचे गुण निर्विवाद आहेत. घोट्याचा अस्थिबंध ताणला की तुटला, हे क्ष-किरण चित्रात दिसत नाही. सोनोग्राफीत ते पाऊल हलवता हलवता पाहता येते. हाडाचा पृष्ठभाग भंगला असल्यास तेही कळते. परंतु सांध्याच्या आतील भंग निसटू शकतो आणि सारी भिस्त हाताळणाऱ्याच्या सरावावर असते. शिवाय गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ चा कायदा आहेच. नोंदणीविना असे यंत्र बाळगता येत नाही, मग ते केवळ घोट्यासाठी का असेना. आणि आपली पदवी त्या कायद्याच्या अर्हतेत बसत नाही.

खरी उणीव यंत्राची नाहीच. सुश्रुताचार्यांनी गुल्फ हे रुजाकर मर्म सांगितले, त्यावरील आघाताने पाऊल ताठरते, लंगडेपणा येतो, असे बजावले. तरी सुजलेला घोटा दिसला की आपण ‘मुरगळला’ म्हणून लेप लावून मोकळे होतो! आमच्याकडूनही हे घडले आहे. लेप आणि लाक्षादि गुग्गुळावर पंधरा दिवस ठेवलेल्या एका गृहिणीच्या बाहेरच्या घोट्याचे हाड मोडलेले निघाले. त्या दिवशी आम्ही तेथे बोटाने दाबून पाहिले असते, तर पुरे होते.

कॅनडातील ओटावा येथे डॉ. इयान स्टील व सहकाऱ्यांनी १९९२ साली मांडलेले नियम हेच सांगतात. घोट्याच्या भागात वेदना असून, दोन्हींपैकी कोणत्याही घोट्याच्या हाडाची मागची कड खालच्या सहा सेंटिमीटरांत किंवा टोक दाबल्यास दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढावे. पावलाच्या मध्यभागी वेदना असल्यास करंगळीकडील पाचव्या लांब हाडाचा पाया आणि आतील नौकाकृती हाडही दाबून पाहावे. पायाची संवेदना हरपलेला मधुमेही वा नशेतील रुग्ण यांच्यावर मात्र या परीक्षेचा भरवसा धरू नये. त्यांना सरळ चित्रासाठी पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती, की लेपाची डबी देण्यापूर्वी ग्राहकास चार पावले टाकता येतात का, एवढे विचारावे. नाही म्हटल्यास डबी कपाटातच राहू द्यावी आणि त्यास रुग्णालयाची वाट दाखवावी.