दरमहा पैसे देणारा फंड : उत्पन्न किती, भांडवल किती?

रत्नागिरी : आंब्याची बाग हंगामापूर्वीच कराराने देऊन टाकण्याचा प्रघात रत्नागिरी परिसरात जुना आहे. मालक मुंबईला आणि कलमे गावी, अशी स्थिती असल्यावर राखण, फवारणी, काढणी आणि पेट्या वाशीच्या बाजारात पोहोचविणे हे सारे झेपणारे नसते. त्यापेक्षा करारदाराकडून ठरलेली रक्कम हाती पडलेली बरी, असा साधा हिशेब त्यामागे असतो. भाव चढला तर नफा करारदाराचा. शेअर बाजारातील ‘कव्हर्ड कॉल’ या व्यवहाराला हे उदाहरण चपखल बसते असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ते निम्मेच लागू पडते, आणि उरलेल्या निम्म्यातच सारी जोखीम दडलेली आहे.

अवकाळी पावसाने मोहोर गळाला तर रक्कम मोजून बसलेल्या करारदाराचे नुकसान होते, मालकाचे नव्हे. कव्हर्ड कॉलमध्ये याच्या उलट घडते. त्याच्याशी खरे साम्य आहे ते जमिनीच्या इसाराचे. समजा, २० लाखांच्या जमिनीवर मालकाने महिनाभराच्या मुदतीने ५० हजार रुपये इसार घेतला आणि विक्रीचा भाव २१ लाख ठरविला. महिन्याच्या आत जमीन २५ लाखांची झाली, तरी ती २१ लाखांनाच द्यावी लागेल. ती १५ लाखांवर आली, तर घेणारा इसारावर पाणी सोडून निघून जाईल आणि पडलेल्या भावाची जमीन मालकाकडेच राहील. पन्नास हजार मिळाले, पाच लाख गेले. फंडाच्या व्यवहारात जमिनीच्या जागी समभाग आणि इसाराच्या जागी ‘प्रीमियम’ हे शब्द येतात, इतकाच फरक.

लाभांशावर भर देणारा कव्हर्ड कॉल फंड ही याच व्यवहाराची पुढची पायरी होय. नियमित व भरघोस लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे समभाग फंडाने घ्यायचे, त्याच समभागांवर दर महिन्याला कॉल ऑप्शन विकून प्रीमियम मिळवायचा आणि लाभांश व प्रीमियम ही दोन्ही उत्पन्ने गुंतवणूकदारांना दरमहा वाटायची, अशी ही रचना. अमेरिकेत हे फंड गेल्या दशकात फार लोकप्रिय झाले. तेथे नोकरीला असलेल्या मुलांकडून आणि समाजमाध्यमांतून त्यांची कीर्ती आता येथील निवृत्तांच्या घरांतही पोहोचली आहे. ‘महिन्याला एक टक्का’ हे त्यातील परवलीचे वाक्य.

त्याची भुरळ का पडते, हे समजण्यासारखे आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा व्याजदर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के करण्यात आला आणि गुंतवणुकीची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर नेण्यात आली. या दराने २० लाख रुपयांवर तिमाहीला ४१ हजार, म्हणजे महिन्याला साधारण १३ हजार ६०० रुपये मिळतात. महिन्याला एक टक्का म्हणजे २० हजार. मधल्या सहा हजारांत औषधांचा आणि विजेचा खर्च निघतो. ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशा निवृत्त शिक्षकाला, बँक कर्मचाऱ्याला किंवा व्यापाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक वाटत नाही.

हे २० हजार येतात कोठून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. भारतात तर तो आधी विचारायला हवा. येथील म्युच्युअल फंडांना कॉल ऑप्शन विकण्याची परवानगी ‘सेबी’ने जानेवारी २०१९ मध्ये दिली ती अनेक अटी घालून. इंडेक्स फंड व ईटीएफ यातून वगळले गेले. निफ्टी ५० आणि सेन्सेक्समधील कंपन्यांच्या समभागांवरच कॉल विकता येतात. विकलेल्या कॉलचे एकूण मूल्य योजनेतील समभागांच्या बाजारमूल्याच्या १५ टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये आणि एखाद्या कंपनीचे जेवढे मोकळे समभाग हाती असतील त्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंतच कॉल विकता येतात. अमेरिकेतील काही फंडांप्रमाणे सारीच्या सारी गुंतवणूक इसाराला लावणे येथील सामान्य इक्विटी योजनेला शक्यच नाही.

या अटींचा अर्थ आकड्यांत पाहिला म्हणजे चित्र स्पष्ट होते. उदाहरणादाखल २० लाख रुपये घेऊ. त्यांतील १५ टक्के, म्हणजे तीन लाखांवर कॉल विकले गेले. महिन्याला दीड टक्का प्रीमियम मिळाला असे धरू. मोठ्या व संथ कंपन्यांच्या बाबतीत हा दर मोकळ्या हाताने धरलेला आहे. मिळकत झाली ४,५०० रुपये. समभागांवर वर्षाला अडीच टक्के लाभांश आला, तर त्याचे महिन्याला ४,१६७ रुपये. फंडाचा वार्षिक खर्च दीड टक्का, म्हणजे महिन्याला अडीच हजार, वजा जाता उरले सुमारे ६,१७० रुपये. वाटायचे असतील २० हजार, तर उरलेले १३,८०० रुपये समभागांच्या भाववाढीतून काढावे लागतील. भाव वाढले नाहीत, तर ते भांडवलातूनच जातील. लाभांश व प्रीमियम यांच्या बळावर हा फंड दरमहा एक टक्का देतो, असे कोणी सांगत असेल तर त्याचा हिशेब जुळत नाही.

यात आणखी एक पेच आहे. भरपूर लाभांश देणारी कंपनी बहुधा प्रौढ आणि संथ असते. वीज वितरण, कोळसा, तेल, सिगारेट असे तिचे व्यवसाय. अशा समभागाचा भाव फारसा हलत नाही, म्हणून त्यावरील कॉलला किंमतही कमी मिळते. प्रीमियम जास्त हवा तर चंचल समभाग घ्यावा लागतो, आणि चंचल समभाग लाभांशात कंजूष असतो. दोन्ही उत्पन्ने एकाच समभागातून भरघोस मिळतील, ही अपेक्षाच मुळात परस्परविरोधी आहे. लाभांशाचे प्रमाण फुगलेले दिसते तेव्हा लाभांश वाढला आहे की भाव पडला आहे, हेही तपासावे लागते.

जोखमीची परीक्षा घेण्यासाठी २०२० च्या मार्च आणि एप्रिलइतके दुसरे चांगले महिने सापडणार नाहीत. करोनाच्या धसक्याने मार्चमध्ये निफ्टी सुमारे २३ टक्क्यांनी कोसळला आणि एप्रिलमध्ये जवळपास १५ टक्क्यांनी उसळला. फेब्रुवारीअखेर १०० रुपये निफ्टीत ठेवणाऱ्याचे एप्रिलअखेर सुमारे ८८ रुपये झाले. आता सगळ्या समभागांवर कॉल विकणारा एक काल्पनिक फंड घेऊ. मार्चसाठी त्याला दोन रुपये प्रीमियम मिळाला व त्याने तो वाटला. युनिट १०० वरून ७७ वर आले. एप्रिलमध्ये भीतीमुळे प्रीमियम वधारला, तो सहा टक्के, म्हणजे ४ रुपये ६० पैसे मिळाला, असे धरू, तोही वाटला. मात्र भाववाढीतील वाटा तीन टक्क्यांपुरताच राखलेला असल्याने युनिट ७९ रुपयांवर थांबले. हाती आले ६ रुपये ६० पैसे, उरले ७९, एकूण ८६.

एकूण परताव्यातील फरक दोन-अडीच रुपयांचाच आहे, हे मान्य करायला हवे. पण गुंतवणूकदाराला दिसते काय? दोन महिन्यांत साडेसहा टक्क्यांहून अधिक ‘उत्पन्न’! बाजार कोसळत असताना फंडाचे वाटप वाढले, असे जाहिरातीत छापता येईल, आणि ते खोटेही ठरणार नाही. दरम्यान बाजाराचे ८८ झाले आणि याच्या युनिटचे ७९. डिसेंबर २०२० अखेर निफ्टी १३,९८१ वर, फेब्रुवारीअखेरच्या पातळीहून सुमारे २५ टक्के वर होता. पडताना पूर्ण पडायचे आणि चढताना मर्यादेपर्यंतच चढायचे, हा या फंडाचा स्वभाव आहे. म्हणूनच घसरणीपाठोपाठ येणाऱ्या वेगवान तेजीत तो सर्वाधिक मागे पडतो.

जोखीम मोजण्याच्या रूढ मापांनाही या स्वभावाचा चकवा बसतो. परताव्यातील चढउतार मोजणारे प्रमाणित विचलन या फंडांत कमी दिसते. ते कमी दिसते याचे एक मोठे कारण वरचे चढ छाटलेले असतात. उतार बव्हंशी शाबूत असतात. त्यामुळे ‘कमी चढउतार म्हणजे कमी जोखीम’ हे समीकरण येथे सरळ लावता येत नाही.

अमेरिकेचा अनुभव एकतर्फी नाही. ‘जेपी मॉर्गन इक्विटी प्रीमियम इन्कम’ हा मे २०२० मध्ये सुरू झालेला फंड २०२२ च्या मंदीत सुमारे साडेतीन टक्केच घसरला. एस अँड पी ५०० निर्देशांकाने लाभांश धरूनही १८ टक्के गमावले. २०२३ मध्ये निर्देशांकाने २६ टक्के दिले, तर फंडाने पावणेदहा टक्क्यांच्या आसपास. ही दोनच वर्षे एकत्र धरली तर फंड पुढे राहतो. २०२४ मध्ये निर्देशांकाने आणखी २५ टक्के कमावले, फंडाने साडेबारा, आणि तीन वर्षांच्या हिशेबात निर्देशांक बराच पुढे निघून गेला. तुलनेला कोणते वर्ष आरंभ म्हणून घेतले, यावर निकाल किती फिरतो ते यातून दिसते. या फंडाच्या बचावाचे श्रेय केवळ प्रीमियमला देणेही चुकीचे ठरेल. त्याने कमी चंचल समभाग निवडले होते.

नॅसडॅक १०० वर जवळजवळ पूर्ण रकमेचे कॉल विकणाऱ्या ‘ग्लोबल एक्स’च्या फंडाची कथा अधिक बोलकी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये २५ डॉलरच्या आसपास सुरू झालेले त्याचे युनिट २०२२ अखेर १६ डॉलरच्या घरात आले होते. त्याच काळात नॅसडॅक १०० तिपटीहून अधिक झाला. फंडाने या वर्षांत वाटप भरपूर केले आणि ते जमेस धरले तर गुंतवणूकदार तोट्यात नाही. मात्र ज्याने ते वाटप महिन्याच्या खर्चात संपविले, त्याच्याकडे उरले १६ डॉलर, तेही महागाईने झिजलेले.

मराठी मध्यमवर्गाला हा धडा नवा नसावा. युनिट ट्रस्टच्या ‘यूएस ६४’ योजनेचा लाभांश दरवर्षी जाहीर होई. तो मिळतो आहे म्हणजे योजना उत्तम, अशी घरोघर समजूत होती. ती योजना कव्हर्ड कॉलची नव्हती आणि तिचे दोषही वेगळे होते. युनिटची किंमत मालमत्तेच्या मूल्यावर न ठरता ट्रस्ट ठरवील ती असे. मे २००१ पर्यंत १४ रुपयांच्या वर दराने परत घेतली जाणारी युनिटे २ जुलै २००१ रोजी गोठविण्यात आली, आणि जानेवारी २००२ मध्ये खरे मूल्य जाहीर होऊ लागले तेव्हा ते सहा रुपयांच्याही खाली निघाले. केंद्र सरकारने मदतीचा हात दिला म्हणून छोट्या युनिटधारकांचा तोटा आवरला. वाटपाचा आकडा आणि मालमत्तेचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा फार महागात कळले.

नियम त्यानंतर कडक झाले. नव्या गुंतवणूकदारांनी भरलेल्या युनिट प्रीमियममधून लाभांश वाटण्यास सेबीने २०१० मध्ये मनाई केली. एप्रिल २०२१ पासून तर फंडांच्या ‘लाभांश पर्याया’चे नावच बदलून ‘उत्पन्न वितरण तथा भांडवल काढून घेणे’ अशा अर्थाचे करण्यात आले. बोलीत ते ‘आयडीसीडब्ल्यू’. नाव सुटसुटीत नाही, पण प्रामाणिक आहे. एप्रिल २०२० पासून हे वाटप गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात मिळविले जाते व त्याच्या टप्प्यानुसार करपात्र ठरते. वरच्या टप्प्यातील व्यक्तीला त्यापेक्षा दरमहा ठरावीक युनिटे विकणे स्वस्त पडते. अल्प उत्पन्न असलेल्या निवृत्ताला नव्या करप्रणालीतील सवलतीमुळे वाटपावर कर लागणारही नाही. तेव्हा कराचा मुद्दा प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने तपासायचा आहे.

एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या ‘स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड’ या नव्या रचनेत डेरिव्हेटिव्हचा वापर अधिक मोकळेपणाने करता येतो, आणि कव्हर्ड कॉलसारखे व्यवहार तेथे वाढण्याची शक्यता आहे. प्रवेशाची किमान रक्कम दहा लाख रुपये आहे. निवृत्तीच्या वेळी वीस-पंचवीस लाख हाती आलेल्या माणसासाठी ही त्याच्या पुंजीची निम्मी रक्कम ठरते. असा फंड सुचविणाऱ्याकडे मासिक वाटपाच्या तक्त्याऐवजी वेगळे कागद मागावेत. वाटप जमेस धरून आणि न धरता, असे दोन्ही प्रकारे युनिटचे मूल्य. त्याच समभागांच्या निर्देशांकाचा लाभांशासह परतावा. किती टक्के समभागांवर कॉल विकले जातात आणि ते चालू भावापेक्षा किती वर. आणि मागील बारा वाटपांपैकी किती रुपये लाभांशाचे, किती प्रीमियमचे व किती समभाग विकून आलेले. शेवटचा आकडा मिळविण्यासाठी बहुधा दोनदा विचारावे लागेल.